खिंडीतून वर येताना

माझा दादा पाण्याखाली जाऊन लोकांना शार्क दाखवतो, मी पाण्याखाली जाऊन शार्क मोजते, आणि वहिनीच्या मते आम्ही दोघंही आगंतुक आहोत, कारण शार्कनी आम्हाला कधीच बोलावलेलं नाही.

वहिनी स्वतः पाण्यात उतरत नाही. पण तिच्यावाचून आमचं पानही हलत नाही. बोट ती चालवते, सिलिंडरमध्ये हवा ती भरते, आणि स्वयंपाकघर नि कॉम्प्रेसरची खोली यांच्यामध्ये एकच भिंत असल्यामुळे भात शिजतोय की हवा भरतेय हे आवाजावरून ओळखण्यात ती तरबेज आहे. घर म्हणजे ओळीनं तीन खोल्या, वर पत्रे, पुढे लांब पडवी. पडवीत दोरीवर रबरी पोशाख वाळत असतात. लांबून पाहिलं तर चारपाच माणसं मान खाली घालून उभी आहेत असं वाटतं.

बेट प्रवाळाचं आहे, बांगडीसारखं गोल. बाहेर महासागर, आत उथळ, हिरवं, निवांत पाणी. बांगडी एकाच ठिकाणी तुटलेली आहे, तीच आमची खिंड. भरतीला समुद्र तिच्यातून आत घुसतो, ओहोटीला बाहेर पडतो, आणि मध्ये थोडा वेळ पाणी स्वस्थ उभं राहतं. आम्ही त्या स्वस्थ वेळात उतरतो आणि पाणी चालू लागायच्या आत वर येतो. शार्कचं वेळापत्रक उलटं असतं. भरतीचा प्रवाह सुरू झाला की ते खिंडीत जमतात.

ते करडे शार्क आहेत, माणसाएवढे लांब, आणि माणसाच्या वाटेला न जाणारे. मी त्यांना पाठीवरच्या पंखाच्या खुणांवरून ओळखते. माझ्या यादीत त्यांना आकडे आहेत, पण घरात कुणी ते वापरत नाही, कारण वहिनीनं मी काढलेले फोटो पाहून त्यांची बारशी उरकून टाकलीत. सगळ्यांत मोठी मादी, जिच्या पंखाला मागून त्रिकोणी खाच आहे, ती ‘सासूबाई’.

“येतात, एक फेरी मारतात, सगळ्यांकडे नीट बघतात, बोलत काही नाहीत आणि निघून जातात,” वहिनी म्हणाली होती. “हुबेहूब सासूबाई.”

“वहिनी, ती आमची आई आहे. तेवढं तरी लक्षात ठेव,” मी म्हटलं.

“लक्षात आहे म्हणून तर इतक्या लांब राहायला आले.”

दादा हसला होता. तो हसतानाही डोकं किंचित उजवीकडे वळवतो, म्हणजे डावा कान पुढे येतो. उजवा कान काही वर्षांपूर्वी गेला. पाण्याखाली घाबरून सुसाट वर निघालेल्या एका पाहुण्याला पकडायला तो त्याच वेगानं वर गेला, आणि आतला पातळ पडदा फाटला. त्या कानानं त्याला भिंतीपलीकडून बोलल्यासारखं ऐकू येतं. डॉक्टरांनी तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं: आता डावा तेवढा उरलाय. सर्दी असताना पाण्याकडे बघायचंसुद्धा नाही. हाही गेला तर त्यावर उपाय नाही.

म्हणून घरात सगळ्या शिंका मोजल्या जात. त्या आठवड्यात मात्र मोजणं अवघड झालं. शेवटचे पाहुणे जाताना सर्दी मागे ठेवून गेले. आधी वहिनीला झाली, मग मला, पण माझी लवकर बरी झाली. दादाचं नाक एक दिवस वाहिलं आणि थांबलं.

“माझी सर्दीसुद्धा शिस्तीची आहे,” तो म्हणाला.

“हो, आणि माझी आगाऊ,” वहिनी नाक पुसत म्हणाली.

माझं एकच काम राहिलं होतं. खिंडीच्या तळाशी एका खडकाला मी वर्षभरापूर्वी एक डबा बांधून ठेवला होता. काही शार्कच्या कातडीखाली मी छोटी यंत्रं बसवली आहेत. ती ठरावीक वेळानं टिकटिक करतात, आणि डबा जवळून जाणाऱ्या प्रत्येकाची टिकटिक टिपून ठेवतो. कोण आलं, कधी आलं, किती वेळ राहिलं. एका वर्षाची ये-जा त्या डब्यात होती. अमावस्या जवळ येत होती, उधाणाचे दिवस सुरू होणार होते. मग खिंडीतलं पाणी उभं राहणं जवळजवळ बंद होतं. आणि पुढच्या आठवड्यात सामानाचं जहाज येणार, त्यातून मी परत जाणार. डबा काढायचा तर त्या दिवशीच काढायला हवा होता.

“राहू दे,” मी सकाळी म्हटलं. “पुढच्या खेपेला काढू. बॅटरी संपली तरी आतलं पुसलं जात नाही.”

“आणि मध्ये वादळात खडकासकट गेला तर?” दादा म्हणाला. “वर्षभर बिचारा तिथे बसून सगळ्यांचं ऐकतोय. त्याला घरी आणू.”

“तुझं नाक?”

त्यानं आमच्यासमोर नाक चिमटीत धरलं, तोंड मिटून हलकेच फुंकर मारली. कान मोकळा असला की आत टक्क होतं, ते चेहऱ्यावरही दिसतं. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसलं. वहिनीनं त्याला पुन्हा करायला लावलं. पुन्हा तसंच.

आमच्याकडे एक पद्धत आहे. पाण्यात उडी मारण्यापूर्वी बोटीच्या काठावर बसून एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं. कुणीही ‘आज नको’ म्हणू शकतं. कारण विचारायचं नाही, नंतर टोमणा मारायचा नाही. वहिनीच्या घरात टोमण्यावर बंदी असलेली ही एकमेव जागा. त्या दिवशी मी दादाकडे पाहिलं, दादानं माझ्याकडे. तो काही म्हणाला नाही. आम्ही मागे कलंडलो.

खाली जाताना काहीच अडलं नाही. पाणी इतकं स्वच्छ होतं की वरून तळातल्या वाळूच्या रेघा दिसत होत्या. दादा माझ्या आधी पोचला. डब्यावर शेवाळ आणि इवल्या शिंपल्यांचा थर बसला होता. त्यानं तो दोन्ही हातांनी धरून ठेवला, मी पट्टे कापले. दोन शार्क वाळूवरून सावकाश गेले. त्यांना आमच्या खटाटोपाशी काही देणंघेणं नव्हतं. मी डबा कमरेच्या कडीला अडकवला, दादानं अंगठा वर केला, आणि आम्ही खिंडीच्या भिंतीला धरून वर निघालो.

अर्ध्याच्या थोडं वर तो थांबला.

मला वाटलं काहीतरी बघतोय. मग तो हातभर खाली गेला आणि पुन्हा वर आला आणि पुन्हा त्याच जागी थांबला, जणू तिथे अदृश्य छत होतं. त्याचा हात डाव्या कानाकडे गेला. मी बोटानं विचारलं, ‘कान?’ त्यानं होकारार्थी मान हलवली. मग त्यानं जे केलं ते पाण्याखालच्या खुणांमध्ये नाही. एक बोट नाकपुडीशी नेलं आणि अंगठ्यानं हवेत दोनदा दाबलं.

नाकात मारायचं औषध. सुजलेलं नाक काही तास मोकळं करणारी बाटली. वहिनीनं तिच्या सर्दीसाठी काढून ठेवलेली.

ही चूक पाण्यात उतरणारेच करू शकतात. एरवी त्या औषधानं कुणाचं काही बिघडत नाही. नाकापासून कानाच्या आतल्या पोकळीपर्यंत एक बारीक नळी असते. औषधानं तिची सूज उतरते, माणूस सहज खाली जातो, जास्त दाबाची हवा कानात भरून घेतो. आणि मग खालीच औषधाचा असर संपतो. नळी पुन्हा सुजते, आधीपेक्षा जास्त. आता वर यावं तसा बाहेरचा दाब कमी होतो, कानातली हवा फुगते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. ती पडद्याला आतून बाहेर ढकलते. पृष्ठभागाजवळ हे सगळ्यांत वाईट, कारण शेवटच्या दहा मीटरमध्ये हवा दुप्पट होते. खाली जाताना कान अडला तर माणूस परत फिरतो, दुखणं थांबतं. वर येताना अडला तर सिलिंडरमध्ये हवा आहे तोवरच खाली थांबता येतं.

दादानं हे शेकडो पाहुण्यांना समजावून सांगितलं होतं.

त्यानं मला खूण केली. तू वर जा. मग स्वतःकडे बोट, आणि हात सरळ वर. म्हणजे तो एका दमात वर येणार होता, कानाचं जे व्हायचं ते होवो. मी नाही म्हटलं. त्यानं तीच खूण पुन्हा केली. मी त्याच्या पट्ट्याला धरलं आणि दुसऱ्या हातानं भिंतीतली एक खोबण पकडली. लहानपणी मी त्याच्या सायकलच्या मागे अशीच लोंबकळायचे, तेव्हाही तो मला झटकू शकत नसे.

त्याच्या हवेचा काटा पाहिला. निम्म्याखाली होता. माझा थोडा बरा. तो भराभर श्वास घेत होता, दुखण्यानं आणि बहुधा लाजेनंही. त्या वेगानं हवा पुरणार नव्हती.

आमच्याजवळ दोन फुगे असतात, दोरीला बांधून वर सोडायचे. लाल म्हणजे आम्ही इथे आहोत, सगळं ठीक आहे. पिवळा म्हणजे सिलिंडर खाली सोड. पिवळा मी आजवर फक्त सरावात वापरला होता. त्यात हवा फुंकली, तो सुटला आणि लहान होत होत वरच्या उजेडात गेला.

एवढ्यात पाणी चालू लागलं. आधी भिंतीवरची मऊ प्रवाळं एका बाजूला झुकली. मग माझे पाय. भरती सुरू झाली होती, प्रवाह आतल्या शांत पाण्याकडे जात होता. त्याची भीती नव्हती. पण त्याच्याबरोबर वाहून गेलो असतो तर कितीही ठरवलं तरी एका खोलीवर राहता आलं नसतं, आणि दादाला एका हाताचाही चढउतार सोसत नव्हता. म्हणून आम्ही भिंतीला चिकटून राहिलो.

आणि शार्क आले.

ते नेहमीसारखेच आले, कसलाही गाजावाजा न करता. प्रवाहाकडे तोंड करून एकेक जण जागा घेऊ लागला. शेपूट जेमतेम हलतं, पंख पसरलेले, तोंड किंचित उघडं. पाणी आपण होऊन त्यांच्या कल्ल्यांतून वाहतं, त्यांना पोहायची मेहनत पडत नाही. पंख्याखाली बसून वारा घ्यावा तसे ते तिथे तरंगत राहतात. थोड्याच वेळात खिंड भरली. काही आमच्या खाली होते, काही समोर. एक पिल्लू जागेसाठी घुसाघुशी करत होतं आणि मोठे त्याला जुमानत नव्हते.

दादाचे डोळे मिटलेले होते. मी त्याच्या खांद्यावर टिचकी मारली आणि समोर बोट दाखवलं. तो पाहुण्यांना दाखवतो तसंच, बोट स्थिर धरून, घाई न करता. पहिल्यांदा त्यानं मला हातानं झिडकारलं. मी बोट हलवलं नाही. मग त्यानं पाहिलं.

मी त्याचे बुडबुडे बघत होते. दाट येत होते ते हळूहळू विरळ झाले. एक श्वास, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. समोरच्या जनावरांचा काहीतरी परिणाम होतो, हे मी शास्त्र म्हणून लिहिणार नाही, पण मी ते पाहिलं आहे. इतकं संथ काही समोर असलं की छाती आपोआप त्याच्याबरोबर चालू लागते.

मग मी त्याला नाक चिमटीत धरून दाखवलं आणि गिळून दाखवलं. फुंकायचं नाही, फुंकलं की हवा आणखी आत जाते. गिळायचं. त्यानं गिळलं. जबडा डावीकडे-उजवीकडे केला. डोकं कलतं केलं, डावा कान वर. थांबला. मग बोटांच्या पेराएवढा वर सरकला. थांबला. गिळलं. पुन्हा पेरभर. एकदा कळ आली असावी, त्यानं माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर तिथे निळं झालं. आम्ही हातभर खाली गेलो आणि पुन्हा सुरुवात केली.

सासूबाई तेव्हा आल्या. रांगेत न थांबता त्या भिंतीच्या कडेनं आल्या, आमच्यापासून हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून. त्यांचा गोल, फिकट डोळा आधी माझ्यावरून गेला, मग दादावरून. मान हलवता येत नसल्यामुळे त्या सगळ्या अंगानं वळून बघतात. दादानं नाक चिमटीत धरलेलं होतं. तसाच तो त्यांच्याकडे बघत राहिला, शाळेत पकडल्या गेलेल्या मुलासारखा. एक फेरी मारून त्या निघून गेल्या. दादाच्या तोंडातून एकदम पुष्कळ बुडबुडे सुटले. तो हसला होता.

वर बोटीचा आवाज आला. सिलिंडर दोरीला बांधून वहिनीनं खाली सोडला, पण प्रवाहानं तो तिरका झाला आणि आमच्या हाताबाहेरून निघून गेला. आवाज लांब गेला. मी दादाचा काटा पाहिला आणि माझ्या सिलिंडरची श्वासाची जादा नळी त्याच्या तोंडात दिली. आता दोघं माझ्या हवेवर. आवाज परत आला, या वेळी समुद्राच्या बाजूनं. तिनं बोट प्रवाहाच्या वर नेली होती, आणि तिथून दोरी सोडून बोट आमच्या दिशेनं वाहत येऊ दिली. सिलिंडर भिंतीला घासत, खडखडत आला आणि माझ्या गुडघ्यावर आपटला. मी दोरी, वरून ओढली की सुटेल अशी, खोबणीतल्या खडकाला गुंडाळली, डबा कमरेचा काढून दोरीला अडकवला. आता हवा पुरेशी होती. घाईचं कारण उरलं नव्हतं.

तरी शेवटचा टप्पा फार लांबला. वर बोटीचं बूड आणि त्याच्या काठावरून डोकावणारं वहिनीचं डोकं स्पष्ट दिसत होतं, आणि आम्ही तिथे फळीवरच्या बरण्यांसारखे हलत नव्हतो. दादा गिळून गिळून दमला. मग एकदा त्यानं जबडा फिरवला आणि त्याचे डोळे मोठे झाले. त्यानं हात वर करून मला थांबवलं. त्याच्या मास्कमध्ये नाकाजवळ थोडं रक्त उतरलं. कानातली हवा नळीतून सुटली होती की पडद्यातून, ते मला बाहेरून कळायला मार्ग नव्हता. त्यालाही नव्हता, हे त्याच्या नजरेत दिसलं. आम्ही तसेच थांबलो. मग तो वर सरकला, आणि पुढे कुठे अडला नाही.

वहिनीनं त्याला काखेत धरून बोटीत ओढलं. मास्क काढला, नाकाखालचं रक्त पाहिलं आणि ते अंगठ्यानं पुसलं. तिला गप्प मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

“नाकात औषध मारलं होतं सकाळी,” दादा म्हणाला. तो गरजेपेक्षा मोठ्यानं बोलत होता. “तुझी बाटली. तुम्ही दोघी मला कान उघडून दाखव म्हणाल, ते माहीत होतं.”

वहिनीनं दोरी ओढायला घेतली. डबा वर आला, तिनं तो बोटीच्या तळाशी ठेवला.

“कानात शिट्टी वाजतेय,” तो म्हणाला, पुन्हा मोठ्यानं. “इंजिनाची आहे की माझी, कळत नाही.”

मी त्याच्या समोर बसले होते. त्याच्याशी बोलावंसं वाटत होतं आणि धीर होत नव्हता. मी बोलले आणि त्यानं ‘काय?’ म्हटलं, तर ते ‘काय?’ मला ऐकायचं नव्हतं. एवढं मोजमाप शिकलेली मी, आणि एक साधी चाचणी करायला घाबरत होते. बोट खिंडीतून आत आली. पाणी हिरवं झालं, लाटा थांबल्या. दादा वहिनीच्या पाठीकडे बघत होता.

घर दिसू लागल्यावर वहिनीनं इंजिन बंद केलं. बोट आधीच्या वेगानं थोडी पुढे गेली आणि थांबली. पाणी बोटीच्या कडांना हलकेच लागत होतं, एवढाच आवाज होता. वहिनी बोटीच्या पुढच्या टोकाकडे तोंड करून बसली होती. ती वळली नाही. ओठ दिसू नयेत म्हणूनच वळली नाही. आवाजही वाढवला नाही, भाजी निवडताना बोलावं इतक्या हळू बोलली.

“पुढच्या आठवड्यात जहाज येतंय. त्यातून हिच्याबरोबर जायचं आणि कानाच्या डॉक्टरांना दाखवायचं.”

दादा काही बोलला नाही. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. माझी नजर वहिनीच्या हातांवर होती, आणि ते हात सुकाणूवर पांढरे पडले होते.

“जहाजात मला उलटी होते,” तो म्हणाला. आवाज आता नेहमीचा होता.

वहिनीचे खांदे खाली आले. पण ती एवढ्यावर विश्वास ठेवणारी नाही.

“काय म्हणाले मी?”

“जहाज. डॉक्टर. हिच्याबरोबर.”

“आणि दोन महिने पाण्यात पाऊल टाकायचं नाही.”

“हे तू आधी म्हणाली नव्हतीस. हे आत्ता घातलंस.”

वहिनी वळली. तिचा चेहरा ओला होता, आणि ती त्याच्यावर ओरडू लागली. सगळं, अगदी सकाळपासूनचं, मग गेल्या वर्षीचं, मग लग्नाआधीचंही. बाटलीचं, नाकाचं, शिस्तीच्या सर्दीचं, आईचं आणि माझं. दादा डोकं जरासुद्धा न वळवता, सरळ समोर बघत, ते सगळं ऐकत बसला.